मधले बावीस दिवस

त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धाच तास पुढं.
नकाशावर एवढाले डोंगर मध्ये,
आणि फरक मधल्या सुट्टीएवढा.

किर्गिझस्तानातल्या नारीनहून जिपारा बाईंनी कळवलं होतं:
शेवटचा पक्षी अकरा सप्टेंबरला दिसला, नदीकाठी.
आता तुमची पाळी.

तेव्हापासून सातवी ब रोज सकाळी सव्वासहाला
रंकाळ्यावर, धुण्याच्या चावीपाशी.
दुर्बीण एकच, तीही चौगुलेच्या मामाची,
उजवी काच तडकलेली.
बाकीच्यांच्या हातात पुठ्ठ्याच्या नळ्या.
अल्फिया मुजावर म्हणाली,
"सर, ह्यातनं मोठं काय दिसत न्हाई,
पण बाकीचं दिसायचं थांबतंय."
मी हे प्रयोगवहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

आठवडे गेले. बगळे नऊ. म्हशी सतरा.
जलपर्णी: भरपूर (हा आकडा नव्हे, असा शेरा).
एक दिवस धुकं, एक दिवस चाचणी परीक्षा,
एक दिवस सगळेच उशिरा, मीसुद्धा.

तीन ऑक्टोबरला तो ओल्या दगडावर उभा होता.
काळा गळपट्टा, पांढरं कपाळ,
शेपूट वर, खाली, वर,
जणू कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचं विसरलं.
"परीट आला!" समर्थ ओरडला,
आणि सगळ्यांनी आधी पक्ष्याकडं नाही,
गौतमीकडं पाहिलं.

गौतमी परीट. गंगावेशीत वडलांचं इस्त्रीचं दुकान.
हसणं दगडावरून घसरत पाण्यापर्यंत गेलं.
पक्षी तेवढ्यानं उडाला नाही. तीही हलली नाही.
घड्याळ धरून म्हणाली,
"मिनिटाला एकोणऐंशी. लिहून घ्या."

तक्त्यात शेवटचा रकाना होता:
तुमच्या भाषेतलं नाव, आणि त्याचा अर्थ.
वही परत आली तेव्हा तो कोरा होता,
आणि कागद तिथं पातळ झालेला.
लिहिलेलं काहीच नव्हतं,
तरी तिनं ते खोडलं होतं.

शनिवारी पडद्यावर त्यांचा वर्ग. लोकरी टोप्या.
एलदियार नावाचा पोरगा चित्र धरून उभा,
मोडक्या इंग्रजीत, आमच्याइतक्याच मोडक्या:
आमच्याकडं ह्याला जिल्कीची म्हणतात. घोडे राखणारा.
घोड्यांच्या पायांत फिरतो, माशा टिपतो.
माझे वडील पण जिल्कीची.
आणि तो बसला. एवढंच.
त्यांच्यात कुणी हसलं नाही,
हसण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाकाचा आवाज आला. गौतमी कॅमेऱ्यासमोर.
"आमच्यात तो कपडे धुतो," ती म्हणाली.
"असं. दगडावर. आपटतो बघा."
तळहात वर, खाली, वर.
पलीकडं एलदियारचा तळहात हलला,
मग टोप्यांच्या रांगेतले अकरा तळहात,
मग, काय सांगू, समर्थ चौगुलेचाही.
मग लाईट गेली.

अंधारात कुणीतरी विचारलं,
"पण सर, त्यांचा नि आपला पक्षी एकच कशावरनं?"
पायात कडं नाही, खूण नाही.
म्हटलं, सांगता येत नाही.
"हे उत्तर लिहिलं तर मार्क मिळतील?"
पूर्ण मिळतील.

अकरा सप्टेंबर त्यांच्या वहीत,
तीन ऑक्टोबर आमच्या.
मधले बावीस दिवस कुणाच्याच वहीत नाहीत.

सोमवारी गौतमीनं वही दिली.
रकान्यात दोन्ही नावं, एकाखाली एक,
वळणदार अक्षरात, इस्त्री केल्यागत.
आणि त्याखाली पट्टीनं आखलेल्या
बावीस कोऱ्या ओळी.
"ह्या कशाला?"
"राहू द्या सर," ती म्हणाली.
"वाटेत कुठंतरी शाळा असणारच की."